निरोप अडला कुठे?

बारामतीहून इंदापूर सुमारे 50 किलोमीटर. एवढा लांब मज्जातंतू असता, तर त्यातून निरोप जायला किती वेळ लागला असता? जवळजवळ 17 मिनिटे! कारण आपल्या हातापायांतील मज्जातंतूंमधून निरोप सेकंदाला सुमारे 50 मीटर वेगाने धावतो. हा वेग मोजताच येणार नाही, असे एके काळी मोठे शास्त्रज्ञही मानत. 1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला. आज तीच युक्ती रोग्यांच्या कामी येते.

कशी, ते पाहू. शेतात खुरपणी तासन्‌तास उकिडवे बसून चालते. आपल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, थोडे खाली, हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीलगत खाली उतरतो. फार वेळ उकिडवे बसून तो दाबला गेला, तर पाऊल वर उचलत नाही. चालताना चवडा जमिनीला घासतो. पण कमरेच्या मणक्यापाशी मज्जातंतूचे मूळ दाबले गेले, तरी असेच होते. मग दोष कुठे शोधायचा?

डॉक्टर पावलावरच्या लहान स्नायूवर धातूची चकती चिकटवतात. मग मज्जातंतूला आधी घोट्यापाशी, नंतर गुडघ्याच्या खाली आणि शेवटी वर विजेचा हलका झटका देतात. समजा, घोट्यापासून स्नायूपर्यंत निरोपाला 4 सहस्रांश सेकंद लागले आणि गुडघ्याखालून 10. या दोन जागांतले अंतर 30 सेंटिमीटर. वजाबाकी केली की उरतात 6 सहस्रांश सेकंद; म्हणजे वेग सेकंदाला 50 मीटर. हा टप्पा ठीक! उंचवट्याजवळच्या टप्प्यात मात्र वेग एकदम घटला, किंवा निरोप दुबळा झाला, तर अडथळा तिथेच. 2025 च्या आरंभी पुण्यात ज्याची साथ आली, त्या गुलेन बॅरी विकारातही ही तपासणी करतात. त्यात दोष एका जागी नसून अनेक मज्जातंतूंत आढळतो.

दुसऱ्या तपासणीत स्नायूत बारीक सुई घालतात. निरोगी स्नायू विश्रांती घेताना विजेच्या दृष्टीने शांत असतो. मज्जातंतूतले धागे तुटले असतील, तर दोन-तीन आठवड्यांनी तो आपोआप सूक्ष्म स्पंद काढू लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? धाग्याचे केवळ वेष्टन दुखावले असेल, तर ते बहुधा काही आठवड्यांत भरून येते. धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. 10 सेंटिमीटरसाठी 100 दिवस! तोवर सांधा आखडू नये म्हणून व्यायाम हवा आणि पाऊल उचलून धरणारी आधारपट्टी हवी. हेच पुनर्वसन वैद्यक. मुंबईत हाजी अली येथे 1955 साली त्यासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

तुमच्या घरचे कोणी खुरपणीला जात असेल, तर त्यांना एवढे सांगा: मधून मधून उठा, पाय मोकळे करा. आणि पाऊल पडू लागले, तर चालढकल न करता डॉक्टरांना दाखवा.