समासातली पेन्सिल

थेरगावच्या डांगे चौकातून चाकणला शिफ्टला जाताना माझ्या खिशात कायम बोटभर पेन्सिल असते. पुस्तक कोरं ठेवणं म्हणजे त्याचा मान राखणं, असं आपल्याला लहानपणी शिकवलं. बाबासाहेब आंबेडकरांनी वाचलेली पुस्तकं मात्र वेगळं सांगतात.

कोलंबिया विद्यापीठात (१९१३-१६) त्यांना जॉन ड्युई शिकवायला होते. ड्युईंचं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६ साली आलं. बाबासाहेबांची त्याची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे आणि ती खुणांनी भरलेली आहे. कुठल्या ओळीशी ते थबकले हे त्यावरून कळतं. ड्युईंचे विचार बाबासाहेबांच्या लेखनात कसे उतरले, याचा माग अभ्यासक आज त्याच खुणांवरून काढतात. गुरूच्या पुस्तकातही निवड करत वाचणारा विद्यार्थी!

माझी पद्धत साधी. पटलं तर उभी रेघ, नाही पटलं तर प्रश्नचिन्ह आणि समासात दोन शब्द: का नाही? शेवटच्या कोऱ्या पानावर पानांक टिपतो. बसमध्ये अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं, ते सोडा. नुसत्या रेघा ओढून भागत नाही, कारण महिनाभराने त्या का ओढल्या तेच आठवत नाही. शब्द लिहायला मात्र आधी विचार करावा लागतो.

वाचनालयाच्या पुस्तकात चिठ्ठीच घाला हं!