विश्लेषण : नेमबाजीसाठी पहिले पिस्तूल घेताना घाई का नको?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याआधी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले होते, तर २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलमध्ये जगज्जेता ठरला. ही नावे ऐकून मुलगा किंवा मुलगी नेमबाजी शिकायची म्हणते, तेव्हा भिवंडीतल्या यंत्रमागावर किंवा गोदामात कमावणाऱ्या घरापुढे पहिला प्रश्न पैशांचा असतो. स्पर्धेसाठीची आयात पिस्तुले लाख रुपयांचा आकडा सहज ओलांडतात. एवढी रक्कम चुकीच्या पिस्तुलात अडकली, तर अनेकदा खेळच थांबतो. त्यामुळे काय घ्यावे याइतकेच कधी घ्यावे हेही महत्त्वाचे ठरते.

सुरुवात कोणत्या पिस्तुलाने?

बहुतेक नेमबाज १० मीटर एअर पिस्तूलने सुरुवात करतात. यात ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दाबाखालच्या हवेने सुटतो. स्पर्धेत पुरुष आणि महिला दोघांनाही ६० नेम घ्यावे लागतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. राहीचा २५ मीटरचा प्रकार वेगळा. त्यात पॉइंट टू-टू बोअरचे, खऱ्या काडतुसाचे पिस्तूल लागते. त्याची पायरी नंतरची.

परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरेच आत असते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. पॉइंट टू-टू पिस्तूल मात्र शस्त्र कायदा, १९५९ खाली येते आणि त्याला परवाना हवाच.

परवाना नको म्हणजे कागद नको, असे नाही. खरेदीवेळी ओळख व पत्त्याचा पुरावा द्यावा आणि पक्के बिल जपून ठेवावे. एअर पिस्तूल दिसायला खऱ्यासारखेच असते. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते आणि तिथे सणासुदीला, निवडणुकीच्या काळात शस्त्रे बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. त्यामुळे पिस्तूल रिकामे करून, कुलूपबंद पेटीतच न्यावे. सोबत बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र असावे.

स्पर्धेच्या नियमात काय बसते?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार एअर पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमहून जास्त चालत नाही. ते ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच आणि ५० मिलिमीटर रुंद पेटीत मावले पाहिजे. ट्रिगर किमान ५०० ग्रॅम दाबाचा हवा. दुर्बीण किंवा लेझर चालत नाही. मूठ मनगटाला आधार देणारी नसावी, मनगट मोकळे दिसले पाहिजे. स्पर्धेआधी ही तपासणी होते. हौशी वापराची स्वस्त पिस्तुले या चौकटीत कागदोपत्री बसतीलही, पण त्यांचा ट्रिगर दरवेळी सारखा सुटेल याची खात्री नसते आणि माशी-खाच बारकाईने जुळवताही येत नाही.

महाग पिस्तूल म्हणजे जास्त गुण?

याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर सरकते. पिस्तुलाच्या पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचे अंतर ३३० मिलिमीटर धरू. माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर लांब पडतो. म्हणजे दहाच्या जागी सात गुण.

उलट कारखान्यात स्पर्धेचे पिस्तूल यंत्रात घट्ट बसवून चाचणी घेतात, तेव्हा छिद्रे जवळपास एकमेकांवरच पडतात. नवशिक्याचे गुण जातात ते नळीमुळे नव्हे, तर ट्रिगर ओढताना मनगट हलल्यामुळे. दीड लाखाचे पिस्तूल ही चूक झाकत नाही. त्यामुळे पहिल्या पिस्तुलात नामांकित मॉडेलपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : हाताला बसणारी मूठ, समान दाबाने सुटणारा ट्रिगर आणि जवळ मिळणारी दुरुस्ती.

मूठ बसते हे कसे ओळखावे?

आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या फटीतून दूरची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते, तो प्रबळ. उजव्या हाताचा नेमबाज आणि प्रबळ डावा डोळा असे असेल, तर खरेदीआधी प्रशिक्षकाशी बोलावे, कारण मूठ उजव्या किंवा डाव्या हाताचीच मिळते.

मग रिकामे पिस्तूल हातात घ्यावे, डोळे मिटून लक्ष्याच्या दिशेने उचलावे आणि डोळे उघडावेत. मनगट न वळवता माशी खाचेत आलेली दिसली, तर मूठ जुळते. दरवेळी ती एकाच बाजूला दिसली, तर मूठ बदलायला हवी. तर्जनी पिस्तुलाच्या अंगाला न टेकता ट्रिगरवर सरळ मागे जायला हवी.

वाढत्या मुलांचा हात दरवर्षी बदलतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सुमारे एक किलोचे पिस्तूल हात लांब करून साठ वेळा उचलायला लावले, तर खांदा दुखावू शकतो. काही कंपन्या हलकी, आखूड मॉडेल बनवतात. ती घ्यावीत किंवा क्लबचे पिस्तूल वापरून थांबावे.

हवेचे सिलिंडर की हाताने दाब?

आजची बहुतेक स्पर्धा-पिस्तुले भरलेल्या सिलिंडरवर चालतात. सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरावे लागते, त्यामुळे भरण्याची सोय रेंजवर आहे का ते आधी विचारावे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नेमाआधी हाताने एकदा दाब द्यावा लागतो. त्याला सिलिंडर लागत नाही, पण साठ नेमांनंतर हात थकतो.

ट्रिगर यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक असतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ सुटतो, पण बॅटरी आणि सुट्या भागांवर अवलंबून असतो. बिघाडाची किंमत २०२१ मध्ये टोकियोत दिसली. पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले आणि दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला. ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ऑलिम्पिकमध्ये संघासोबत दुरुस्तीची माणसे असतात. भिवंडीतल्या नवशिक्याला वॉशर बदलायलाही विक्रेत्याकडे जावे लागणार, हे धरूनच निवड करावी.

जुने पिस्तूल घ्यावे का?

पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी हा चांगला पर्याय आहे, पण तीन गोष्टी तपासून. सिलिंडरवर छापलेली वापराची मुदत पाहावी. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि धोकादायकही ठरते. मूठ आधीच्या मालकाच्या हातानुसार कोरलेली असेल, तर नव्या मुठीचा खर्च धरावा. आणि बिलाशिवाय व्यवहार करू नये.

पिस्तुलानंतरचा खर्च किती?

आठवड्यातून चार दिवस, रोज ८० नेम आणि वर्षाचे ५० आठवडे, असा हिशेब केला तर १६ हजार छर्रे लागतात. पाचशेच्या डब्यांत मोजले तर ३२ डबे. त्यात रेंजचे शुल्क, प्रशिक्षक आणि प्रवास धरावा लागतो. हातातले सगळे पैसे पिस्तुलात घातले, तर सरावाला पैसे उरत नाहीत. सरावानंतर साबणाने हात धुणेही विसरू नये, कारण छर्रे शिशाचे असतात.

भिवंडीकरांनी कुठून सुरुवात करावी?

ठाणे किंवा कल्याण गाठून पुढे जाणाऱ्यांसाठी मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही रेंज आहे. रोजच्या सरावासाठी मात्र घराजवळचा, राज्य संघटनेशी जोडलेला क्लब बरा. तिथे पहिले तीन-चार महिने क्लबच्या पिस्तुलावर काढावेत आणि जमले तर दोन-तीन मॉडेल हाताळून पाहावीत.

पुढची वाट जिल्हा आणि राज्य स्पर्धांतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जाते. त्यातली मावळणकर स्पर्धा लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या नावाने भरते. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. त्या वाटेवर पहिले पाऊल क्लबच्या पिस्तुलानेही टाकता येते. गुण स्थिरावले आणि मुलाची आवड टिकली, की स्वतःचे पिस्तूल घेण्याची वेळ आली असे समजावे.