शाळेतला 'मित्र' कार्यक्रम पुढे चालवायचा का?



आपल्या भागातल्या बऱ्याच शाळांत गेल्या काही वर्षांपासून एक नवी गोष्ट चालू आहे. वर्गातलीच दोन-चार मुलंमुली निवडायची, त्यांना थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि मग बाकीच्या मुलांशी त्यांनीच बोलायचं. अभ्यासाबद्दल नाही, तर राग, भीती, घरातली भांडणं, पाळी, तंबाखू, मोबाईल, परीक्षेचं टेन्शन याबद्दल. कुठे या मुलांना साथी म्हणतात, कुठे मित्र, कुठे आरोग्यदूत. शाळेचं वर्ष सरत आलं की शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघतो, की पुढच्या वर्षी हे ठेवायचं का? त्या समितीत आपल्यातल्या कितीतरी जणी सदस्य आहेत. आणि खरं सांगायचं तर "ठेवा की, त्यात काय वाईट आहे" म्हणून आपण सही करून उठतो, कारण घरी गुरं सोडायची असतात. या वर्षी आमच्या ग्रामसंघाने ठरवलं की सहीच्या आधी जरा नीट बसून बघू. आमची गावं पारोळा-अमळनेरकडची, काही पलीकडे धुळे तालुक्यातली. तीन बैठका झाल्या. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

आधी हे आलं कुठून ते पाहू. केंद्र सरकारने 7 जानेवारी 2014 ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी. एका आशाताईच्या भागात चार साथी निवडायचे, दोन मुलगे आणि दोन मुली, ही कल्पना त्यातली. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी जे मैत्री क्लिनिक असतं, तेही याच कार्यक्रमाला जोडलेलं. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली शाळांसाठी वेगळा आरोग्य व कल्याण कार्यक्रम आला. त्याची सुरुवात आकांक्षित जिल्ह्यांपासून करायची ठरली, आणि आपल्या खान्देशातला नंदुरबार त्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी, शक्यतो एक सर आणि एक मॅडम, प्रशिक्षण घ्यायचं. आठवड्याला एक तास घ्यायचा. वर्गाच्या मॉनिटरांनी त्यांना हात द्यायचा. विषय अकरा. वाढतं वय, मनाचं आरोग्य, मुलगा-मुलगी समानता, आहार, व्यसन, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेट वापरताना घ्यायची काळजी असे सगळे त्यात येतात. काही ठिकाणी एखादी संस्था आपल्या पद्धतीने हेच चालवते. नावं बदलतात, सांगाडा एकच असतो. पोर पोराशी बोलणार.

यामागचा विचार चुकीचा नाही. चौदा वर्षांची मुलगी पहिलं मन मोकळं करते ते मैत्रिणीपाशी. आईपाशी नाही, बाईंपाशी तर नाहीच. आपण तरी त्या वयात काय वेगळं करत होतो? त्यामुळे मैत्रिणीलाच दोन गोष्टी समजावून ठेवल्या तर बरं, हे पटतं.

पण अशा कार्यक्रमांचे जगभरात जे अभ्यास झाले, त्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे. सगळ्यात जास्त फायदा निवडलेल्या मुलांनाच होतो. त्यांना बोलायची सवय लागते, माहिती मिळते, धीर येतो. बाकीच्या वर्गाला माहिती थोडी वाढते, वागणं फारसं बदलत नाही. हे ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत एक ताई लगेच म्हणाल्या, "मग निवडलं कोणाला ते बघा आधी." बघितलं. हुशार, चुणचुणीत, कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी मुलं. गावातल्या चांगल्या घरची. वस्तीवरून चालत येणारी एकही मुलगी नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस गैरहजर राहणारा एकही मुलगा नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेले आणि आजीपाशी राहिलेलं एकही लेकरू नाही. फायदा निवडलेल्यांनाच होणार असेल तर निवड हीच मोठी गोष्ट झाली, आणि ती आजवर मुख्याध्यापकांच्या टेबलावर पाच मिनिटांत होत होती.

दुसऱ्या बैठकीला एका साथी मुलाची आई आली होती. सगळ्या बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "कार्यक्रम चांगला शे, पन मन्हा पोऱ्याले रातले झोप येत नही." वर्गातल्या एका मित्राने त्याला घरची काहीतरी जड गोष्ट सांगितली होती आणि कोणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. प्रशिक्षणात शिकवलं होतं की मित्राचं गुपित राखायचं. ते त्याने राखलं. तेरा वर्षांचं पोरगं तीन आठवडे ते पोटात घेऊन फिरत होतं. जेवण कमी झालं, तेव्हा आईने खोदून विचारलं. गोष्ट काय होती ते आम्ही इथे सांगणार नाही, बैठकीतही कोणी विचारलं नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र त्या महिन्यात लिहिलेलं होतं, 'चार सत्रे झाली, विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग'. सोबत फोटो.

तिथून आमची सगळी चर्चा फिरली. तोवर आम्ही विचारत होतो की मुलांना आवडतं का, सत्रं होतात का. मग आम्ही एकच विचारायला लागलो: पोराने पोराला सांगितल्यावर पुढे ते कोणाकडे जातं?

कायदा यात काय म्हणतो ते ठाऊक असलेलं बरं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा 2012 चा पोक्सो कायदा सांगतो की अशी गोष्ट कळली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय की ही शिक्षा मुलाला लागू नाही. म्हणजे कायद्यानेही हा भार मोठ्यांवर ठेवलाय. तसंच बालविवाहाचं. आखाजी जवळ आली की एखादी मुलगी मैत्रिणीला सांगते, माझं जमवलंय. ती मैत्रीण काय करणार? रडणार, दुसरं काय. पण तिला माहीत असेल की हे अमुक काकूंना सांगायचं, आणि काकूंना माहीत असेल की गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवकच, अंगणवाडीताई त्यांच्या मदतीला, आणि 1098 हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस चालू असतो, तर लग्न थांबू शकतं.

मागे उभा राहणारा मोठा माणूस कोण असावा, यावर एक चांगला दाखला आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 2015-16 मध्ये गोव्याच्या संगाथ या संस्थेने 74 सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. नववीची मुलं तपासली. सरकारचा किशोरवयीन शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम सगळ्याच शाळांत होता. काही शाळांत तेवढाच ठेवला. काहींमध्ये जादा काम एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडे सोपवलं. आणि काहींमध्ये तेच काम करायला एक वेगळा माणूस दिला. तो डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ नाही, त्याच भागातला प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस. त्याला मित्रच म्हणत. काम काय? परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक चालवणं, तक्रारी आणि मनातलं लिहून टाकायला एक पेटी ठेवणं, मुलांचा गट आणि शाळेची समिती चालवणं, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणं. वर्षाअखेरीला जिथे तो मित्र होता तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, दांडगाई आणि मारामारी कमी झाली, मुलांची उदासीही कमी झाली. पुढच्या वर्षीही तो फरक टिकून होता. शिक्षकाकडे दिलेल्या शाळांत मात्र नुसत्या नेहमीच्या तासांच्या मानाने काहीच फरक दिसला नाही.

यातून शिक्षक वाईट असा अर्थ काढू नका. आमच्या मते कारण साधं आहे. जो मार्क देतो, वर्गात ओरडतो, घरी निरोप पाठवतो, त्याच्याकडे पोर मन मोकळं करत नाही. शिवाय सरांच्या डोक्यावर आधीच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम आहे. इंग्लंडातही मुलांच्या मनःशांतीसाठी शिक्षकांमार्फत ध्यानाचे तास घेऊन बघितले, 84 शाळांत, आठ हजारांहून जास्त मुलांवर. 2022 मध्ये निकाल आला की नेहमीच्या तासांपेक्षा काही जास्त हाती लागलं नाही. सांगायचं इतकंच की कार्यक्रम चांगल्या मनाने केला म्हणून तो उपयोगी पडतोच असं नाही. बघावं लागतं.

बघायचं कसं? रजिस्टर वाचून नाही. आम्ही मुलांशी बोललो. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे, जवळ शिक्षक नाहीत, आणि साथी मुलंही नाहीत. "कार्यक्रम कसा वाटला" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात, तो प्रश्न टाळा. आम्ही विचारलं, "मागच्या वेळी तुला खूप वाईट वाटलं तेव्हा कोणाला सांगितलंस? नंतर काय झालं?" कोणी मैत्रिणीचं नाव घेतलं, कोणी आत्याचं, बऱ्याच जणांनी कोणाचंच नाही. एका शाळेत मुलींनी साथी मुलीला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला कळलं होतं, तिथे त्या पुन्हा कशाला सांगतील? दुसऱ्या शाळेत मात्र साथी मुलगी थेट आशाताईंकडे जात होती, कारण त्या तिच्या शेजारीच राहतात. ती वाट कोणी आखून दिली नव्हती, आपोआप पडली होती. आणि तिथेच मुलांना कार्यक्रमाचा खरा उपयोग झालेला दिसला. साथी मुलांना आम्ही शेवटी भेटलो आणि त्यांना एवढंच विचारलं, की तुला हे काम जड होतं का, सोडावंसं वाटलं तर सोडता येतं का? सोडता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हे करायचं असेल तर ऑगस्टमध्ये किंवा फेब्रुवारीत करा. वेचणीच्या दिवसांत गेलात तर ज्यांच्याशी बोलायला हवं तीच मुलं शाळेत नसतात.

आता निर्णय. ठेवा किंवा बंद करा, इतकं सरळ आम्हाला ते वाटलं नाही. कार्यक्रमात दोन कामं मिसळलेली आहेत. एक, सगळ्यांनी मिळून करायचं: खेळ, भित्तिपत्रक, नाटुकलं, पाळीची माहिती, तंबाखूविरोधी फेरी. ते पोरांनी पोरांसाठी बिनधास्त करावं, त्यात धोका नाही. दुसरं, एकाने दुसऱ्याचं दुःख ऐकायचं. हे दुसरं काम, मागे ठरलेला मोठा माणूस असेल तरच चालवायचं, असं आम्ही ठरवलं. तो माणूस शक्यतो शाळेतला नसावा, बाई असली तर मुलींना बरं. आशाताई असेल, पदवी झालेली गावातली सून असेल, ग्रामसंघातली एखादी ताई असेल. आठवड्यातून एक ठरलेला दिवस तिने साथी मुलांबरोबर बसायचं आणि त्यांच्या पोटातलं काढून घ्यायचं. तिला पुढचा रस्ता माहीत हवा. मनाच्या त्रासासाठी 14416 हा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मुलीला घेऊन जाणं तितकं महाग पडत नाही. तिच्या येण्याजाण्याच्या आणि मानधनाच्या खर्चासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करता येते, स्वउत्पन्नातला 10 टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. ग्रामसभेत हा विषय आधी लेखी द्या, तोंडी दिलेला विषय चहाबरोबर संपतो.

बंद करण्याबद्दल एक सांगतो. काही गावांत अशी ताई मिळणार नाही. तिथे ऐकण्याचं काम थांबवा, पण गुपचूप थांबवू नका. मुलांना वर्गात जाऊन सांगा की आता साथीकडे जायचं नाही, या अमुक माणसाकडे जायचं. नाहीतर एखादं लेकरू जूनमध्ये साथीला शोधत येईल आणि त्याला तिथे कोणीच भेटणार नाही.

हे सगळं समितीत मांडायचा आपल्याला हक्क आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. हायस्कूल संस्थेचं असेल तर पालक-शिक्षक संघात मांडा. मुख्याध्यापक नाराज होतील अशी आम्हाला भीती होती. झाले नाहीत. उलट एक सर म्हणाले, "हे ओझं माझ्याच्याने एकट्याने उचलत नव्हतं."

आमच्या ठरावात शेवटी तीन ओळी आल्या. साथींची निवड चिठ्ठ्या टाकून, त्यात वस्तीवरची आणि गैरहजेरीची मुलं असलीच पाहिजेत, आणि दर सहा महिन्यांनी बदल. ऐकण्याचं काम फक्त ताई असलेल्या शाळांत. आणि पेटी सगळ्या शाळांत. पेटीच्या किल्लीवरून मात्र तासभर वाद झाला. मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवली तर मुलं चिठ्ठी टाकत नाहीत, साथीकडे ठेवली तर पुन्हा तेच ओझं. सध्या ताई असलेल्या शाळेत किल्ली ताईकडे आणि नसलेल्या शाळेत आशाताईकडे आहे, आणि पेटी दर शनिवारी शाळा सुटल्यावर उघडते.