माणसं वाचणाऱ्या बायका (भाग 7) : मिस पिंकचा शब्द

गेल्या आठवड्यात आपण ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींमध्ये राहणाऱ्या डेझी बेट्स यांच्या, ऊल्डियाच्या वाळवंटातल्या तंबूपाशी थांबलो होतो. 1920 च्या दशकात त्याच तंबूत एक पाहुणी येऊन गेली. सिडनीला रेल्वेच्या कचेरीत नकाशे गिरवण्याची नोकरी करणारी, चाळिशी ओलांडलेली, एकटी. नाव ऑलिव्ह पिंक. जन्म 1884 चा, टास्मानियातल्या होबार्टचा.

वाळवंट तिच्या मनात बसलं. 1930 मध्ये ती मध्य ऑस्ट्रेलियात फिरून आली, तिथल्या रानफुलांची चित्रं काढत. मग सिडनी विद्यापीठात मानवशास्त्र शिकली आणि अरेर्न्टे व वॉर्लपिरी या मूळनिवासी लोकांत जाऊन राहिली.

वॉर्लपिरींकडे ती पोचली तेव्हा कोनिस्टनच्या हत्याकांडाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. 1928 मध्ये एका गोऱ्याचा खून झाला. त्याचा सूड म्हणून पोलीस कॉन्स्टेबल जॉर्ज मरेची टोळी आठवडेच्या आठवडे मुलूखभर गोळ्या झाडत फिरली. सरकारी चौकशीने 31 मृत्यू मोजले आणि सगळे समर्थनीय ठरवले. खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचं त्या लोकांच्या आठवणी सांगतात. आईबाप गमावलेली माणसं तिच्यासमोर बसून बोलत होती, हे तिची वही वाचताना विसरता येत नाही.

1936 मध्ये ‘ओशियानिया’ या नियतकालिकात तिचा उत्तरेकडच्या अरेर्न्टेंवरचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच ‘जमीनमालक’ हा शब्द होता. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. इंग्रजांनी पाय ठेवला तेव्हा या खंडातली जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती, असं तिथला कायदा धरून चालला होता. आणि ही बाई लिहीत होती की इथल्या प्रत्येक पाणवठ्याला, प्रत्येक टेकडीला मालक आहे. आजोबाकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे ती जागा येते. जागेबरोबर तिथल्या पूर्वजाची कथा, गाणं आणि विधीही येतात. ज्याला ते येतात, त्याची ती जमीन. सातबारा कागदावर नव्हता, गाण्यात होता.

पण याच गाण्यांपाशी ती अडली. पुरुषांनी विश्वासाने सांगितलेलं काही तिथल्या बायकामुलांच्या कानावरही जायचं नसतं. ते छापलं तर विश्वासघात होईल, असं तिचं मत झालं आणि अशा गोष्टी प्रसिद्ध करायला तिने नकार दिला. विद्यापीठातली वाट तिथे जवळजवळ संपली. माझ्या लेखी तिच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा निर्णय.

तिच्या विचारातली खोटही सांगायला हवी. मिशनऱ्यांपासून दूर, मूळनिवासींसाठी राखीव मुलूख असावा म्हणून तिने सरकारकडे पत्रांचा मारा केला. पण तो मुलूख ‘शुद्ध रक्ताच्या’ लोकांसाठी. मिश्र संततीबद्दल तिच्या मनात तेवढी जागा नव्हती, आणि त्या मुलांनाही तितकंच सोसावं लागत होतं.

1940 च्या दशकात काही वर्षं ती तानामी वाळवंटात थॉम्पसन्स रॉकहोल इथे तंबू ठोकून वॉर्लपिरींसोबत राहिली. नंतर अॅलिस स्प्रिंग्जला आली. पोटासाठी फुलं विकली, कोर्टाची साफसफाई केली. मूळनिवासींवर खटला असला की त्याच कोर्टात जाऊन बसायची. 1956 मध्ये, 72 व्या वर्षी, टॉड नदीच्या पूर्वेला तिने वाळवंटी झाडांसाठी सुमारे 20 हेक्टर जागा मिळवली. वॉर्लपिरी समाजातल्या जॉनी जाम्बिजिम्पा यांनी तिच्या सोबतीने ती बाग वाढवली. झाडांना ती अधिकाऱ्यांची नावं द्यायची. एखादा साहेब मर्जीतून उतरला की त्याच्या झाडाचं पाणी तोडायची. गावात सगळे तिला मिस पिंकच म्हणत. बागेतल्या झोपडीतच तिची शेवटची वर्षं गेली.

जुलै 1975 मध्ये ती गेली. डिसेंबर 1976 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी मूळनिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. हक्क कुणाचा, हे सांगताना कायद्याने जो शब्द वापरला तो ‘पारंपरिक मालक’. 1978 मध्ये वॉर्लपिरींचा दावा न्यायमूर्ती टूही यांच्यापुढे आला. कुठला पाणवठा कुणाच्या आजोबाचा आणि तिथली कथा कुणाकडे, हे म्हाताऱ्या माणसांनी एकेक करून सांगायला सुरुवात केली.