इंजिन गरजते, नाव पळत नाही

उजनीच्या पाण्यावर मासळीचा धंदा करणाऱ्या बांधवांनो, नाव रेंगाळली की डिझेल जादा जळते आणि नफा तिथेच जातो. कापडात खोट निघाली तर आम्ही आधी सूत तपासतो, मग माग. येथेही क्रम ठेवावा. इंजिनाचे फेरे पूर्ण असून वेग कमी असेल तर पंखा पाहावा: पाते वाकले असेल किंवा जाळ्याचा दोरा गुंतला असेल. इंजिन बंद करूनच हात लावावा. फेरेच कमी पडत असतील तर डिझेलचा व हवेचा फिल्टर, मग ओझे पाहावे. तळात साचलेले पाणीही ओझेच.

मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटून ६ जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट घालूनच निघावे. वारा सुटला तर नाव काठालाच ठेवावी, एका दिवसाची मासळी गेली तरी चालेल.