विश्लेषण : दह्याच्या पिशवीवर ‘दही’ लिहायला तमिळनाडूने नकार का दिला होता?

दुकानातून दह्याची पिशवी घेताना आपण फार तर तारीख बघतो. मार्च २०२३ मध्ये मात्र त्या पिशवीवरच्या एका शब्दावरून तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी केंद्रावर हिंदी लादल्याचा आरोप केला. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष के. अण्णामलाई यांनीही तो आदेश मागे घ्या, असेच म्हटले. एरवी या दोघांचे एकमत होणे कठीण. ते दह्याने घडवले!

नेमके काय झाले होते?

आंबवलेल्या दुग्धपदार्थांच्या मानकांमधून ‘कर्ड’ हा शब्द वगळला गेला होता. मग पिशवीवर लिहायचे काय, हा प्रश्न दक्षिणेतल्या सहकारी दूध संघांना पडला. १० मार्च २०२३ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) कर्नाटक दूध महासंघाला उत्तर दिले : ‘दही’ लिहा, हवे तर कंसात ‘मोसरू’ लिहा. म्हणजे मुख्य नाव हिंदी आणि कन्नड नाव कंसात. तमिळनाडूच्या ‘आविन’ने ‘तयिर’ हाच शब्द ठेवणार असल्याचे सांगितले. गदारोळ इतका झाला, की ३० मार्चला प्राधिकरणाने सुधारित आदेश काढला. ‘कर्ड’ परत आले आणि त्यासोबत कंसात दही, मोसरू, तयिर, पेरुगु असे प्रादेशिक नाव लिहिण्याची मुभा मिळाली.

मराठी वाचकाला हे भांडण चटकन कळत नाही, कारण आपले आणि हिंदीचे ‘दही’ एकच. दोन्ही संस्कृत ‘दधि’वरून आलेले. गोव्यातले ‘धंय’सुद्धा त्याच घरचे. पण उद्या कोल्हापूरच्या दूध संघाला ‘तयिर’ ठळक छापा आणि ‘दही’ कंसात टाका, असे पत्र आले तर काय होईल, एवढी कल्पना करून पाहा.

विज्ञान कुणाच्या बाजूने?

शास्त्राच्या अंगाने पाहिले तर ‘कर्ड’ हा शब्द खरोखरच घोळाचा आहे. इंग्लंड-अमेरिकेत ‘कर्ड’ म्हणजे दूध फाटल्यावर पाण्यापासून वेगळा होणारा घट्ट भाग. चीज त्यापासूनच बनते. दह्याला ‘कर्ड’ म्हणण्याची सवय आपल्याकडची. त्यामुळे मानकात नेमका शब्द असावा, ही अपेक्षा चुकीची नाही. मात्र नेमका शब्द म्हणजे हिंदीच शब्द, हे कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. तो निर्णय राजकीयच होता.

दूध आणि दही यांतला फरक मोजायचा तर आकडा बघावा लागतो सामूचा, म्हणजे पीएचचा. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.७ असतो. त्यातल्या केसिन या प्रथिनाच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. विरजण लावले की लॅक्टिक आम्लाचे जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन आम्ल तयार करतात. सामू ४.६ च्या आसपास आला की कणांवरचा भार जवळपास शून्य होतो, ते एकमेकांना चिकटतात आणि त्या जाळीत पाणी अडकून राहते. हीच कवडी. जाळी पुरती विणली जाण्याआधी भांडे हलवले की दही अदमुरे राहते. ‘लागलेल्या दह्याला हात लावू नको’ हा आजीचा नियम पक्का शास्त्रीय आहे.

योगर्टमध्ये दोन ठरलेले जिवाणू असतात, लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. त्यांना ४२ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. दह्यात मुख्यतः लॅक्टोकॉकस गटातले जिवाणू कामाला असतात आणि त्यांना २५ ते ३० अंश पुरतात. घरच्या विरजणात मात्र कोण कोण नांदते, हे त्या घरालाही ठाऊक नसते. शेजारच्या घरचे दही वेगळे लागते ते त्यामुळेच.

यात एक गंमत आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबादच्या जैवविविधता परिषदेत भारताचा ‘राष्ट्रीय सूक्ष्मजीव’ जाहीर झाला. ‘सायन्स एक्स्प्रेस’ पाहायला आलेल्या मुलांनी निवडलेला तो जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी. त्याच्याच बल्गारिकस या उपप्रजातीचे नाव बल्गेरियावरून पडले आहे. नावावरून भांडायचेच तर इथे भरपूर वाव होता. कुणी भांडले नाही!

कर पनीरला शून्य, दह्याला पाच?

लेबलपेक्षा खिशाला लागणारी गोष्ट जीएसटी. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या दही, लस्सी, ताकावर ५ टक्के कर आला. सुटे दही करमुक्तच राहिले. २२ सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीत पाकीटबंद पनीर शून्यावर आले, पण पाकीटबंद दही पाच टक्क्यांवरच आहे. दोन्हीकडे दूध तेच, गोठणारे केसिन तेच. एकात आम्ल जिवाणू तयार करतात, दुसऱ्यात आपण लिंबू पिळतो. करात फरक करायला हे कारण मला तरी पुरेसे वाटत नाही, आणि भाड्याच्या खोलीत राहून रोज छोटी पाकिटे घेणाऱ्याला तर मुळीच पटणार नाही. अर्थात शून्य कर म्हणजे सगळा फायदा, असेही नाही. करमुक्त मालावर उत्पादकाला प्लास्टिक, यंत्रे यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्च किमतीतच मिसळतो.

मग ‘नंदिनी’ विरुद्ध ‘अमूल’?

वरवर तोही अस्मितेचाच वाद. एप्रिल २०२३ मध्ये अमूलने बेंगळूरुत दूध-दही विकण्याची घोषणा केली, विधानसभा निवडणूक महिन्यावर होती आणि काँग्रेस, जेडीएस दोघांनीही ‘नंदिनी वाचवा’ म्हणत रान उठवले. मे महिन्यात स्टॅलिन यांनी अमित शहांना लिहिलेल्या पत्रात खरा मुद्दा होता. अमूल तमिळनाडूत नुसते विकत नव्हते, तर कृष्णगिरीत शीतकरण केंद्रे उभारून दूध गोळा करू पाहत होते. एका राज्याच्या संघाने दुसऱ्याच्या संकलन क्षेत्रात शिरू नये, हा सहकारातला जुना संकेत. तो मोडला तर स्थानिक संघ अडचणीत येतो. पण गोठ्यासमोर दोन खरेदीदार उभे राहिले तर शेतकऱ्याला चार पैसे जास्तही मिळू शकतात. यावर निवडणुकीच्या सभांत फारसे कुणी बोलत नाही.

पिशवीतल्या दह्याचे विरजण चालते का?

चालते, जिवाणू जिवंत असतील तर. आंबवल्यानंतर पुन्हा उष्णता दिलेल्या उत्पादनाचे चालत नाही, तेव्हा लेबलवर तसा उल्लेख आहे का ते बघा. ‘प्रोबायोटिक’ लिहिले असेल, तर जिवाणूचे पूर्ण नाव आणि त्याची संख्या दिली आहे का तेही पाहा, कारण आरोग्याचे फायदे त्या-त्या वाणापुरतेच सिद्ध होतात. आणि दूध कोमट असतानाच विरजण लावा. कढत दुधात ते मरते.