राष्ट्रीय उद्यानातील मुक्काम : संज्ञा आणि नियोजन

महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या गावच्या विद्यार्थ्यांना व्याघ्रभूमीच्या सान्निध्यात दोन-तीन रात्री काढावयाच्या असल्यास विदर्भाची वाट धरावी लागते. परभणी, नांदेड, किनवट, आदिलाबाद या लोहमार्गाने चंद्रपूर गाठले म्हणजे ताडोबा जवळ येते. अशा मुक्कामाचे नियोजन म्हणजे तंबू, शिधा आणि गाड्यांची वेळापत्रके, असा सामान्य समज असतो. वस्तुतः पहिली चूक त्याच्याही अगोदर होते. ती शब्दांच्या अर्थाची असते.

‘उद्यान’ हा शब्द प्रथम पाहावा. संस्कृतात ‘उद् + या’ या धातूपासून तो सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर जाणे’ असा आहे. पुढे जेथे विहारार्थ जावयाचे ते स्थळ, म्हणजे राजाचा वा नगराचा बगीचा, असा अर्थ रूढ झाला. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन येथे ‘नॅशनल पार्क’ स्थापन झाला. त्या संज्ञेचे भाषांतर करताना आपल्याकडे ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द आला आणि त्याबरोबर बगीच्याची छटाही आली. याउलट ‘अभयारण्य’ या शब्दात निर्भयतेचे अभिवचन असल्याने ऐकणाऱ्यास ते अधिक कडक संरक्षणाचे स्थान वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आढळते. म्हणजे या कल्पनेला परंपराही दीर्घ आहे.

कायद्यातील क्रम मात्र नेमका उलटा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात आणि गुराचराईचे नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास अथवा त्यांना आत शिरू देण्यास मनाई आहे. उद्यान हेच अधिक निषिद्ध क्षेत्र होय. दोन्हींत प्रवेशासाठी परवाना लागतो. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आदी प्रयोजनांसाठी तो दिला जातो. क्षेत्रास धोका पोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे अथवा पेटता ठेवणे हाही गुन्हा आहे. तेव्हा शेकोटीभोवतीची रात्र ही कल्पना नियोजनातून प्रथमच वगळावी.

ताडोबा हे उद्यान १९५५ साली, चंद्रपूर तत्कालीन मध्यप्रदेशात असताना, घोषित झाले. शेजारील अंधारी अभयारण्य १९८६ चे असून १९९५ साली दोन्हींचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांस ‘गाभा’ व ‘बफर’ या कायदेशीर संज्ञा प्राप्त झाल्या. नियोजन करणाऱ्याने ‘ताडोबात राहावयाचे’ असे न म्हणता ‘गाभ्यात की बफरमध्ये’ हा प्रश्न विचारावा. गाभ्यात ठरावीक वेळी वाहनाने जाऊन परतावयाचे असते. रात्रीची सोय मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांलगतच्या गावी पाहावयाची असते. पावसाळ्यात गाभा पर्यटनास बंद असतो आणि मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते. परवाना व निवास यांची निश्चिती झाल्यावरच रेल्वेचे आरक्षण करावे. हा क्रम उलटला तर प्रवास होतो, प्रवेश होत नाही. बफरमध्ये मनुष्यवस्ती असली तरी तेथे वाघही असतो. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने वेचणाऱ्यांवर हल्ले झाल्याचे प्रसंग या जिल्ह्यात घडले आहेत. म्हणून पहाटे वा सायंकाळी एकट्याने पायी निघू नये.

यापुढील प्रश्न मुक्कामास द्यावयाच्या नावाचा. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. पण प्रत्येकाचा संसार निराळा आहे. ‘शिबिर’ म्हटले की राष्ट्रीय सेवा योजनेतील कार्यक्रमपत्रिका, भोंगा आणि सामुदायिक गीते आठवतात. ‘छावणी’ मूळची सैन्याची. दुष्काळी मराठवाड्यात ती गुरांची झाली. ‘तळ’ ठोकला जातो, म्हणजे त्यात जागेवर ताबा सांगण्याचा भाव आहे. ‘पाल’ हे भटक्यांचे नित्याचे घर होय. अरण्याच्या कडेला शांतपणे राहून निघून जाणे यांपैकी कोणत्याच शब्दात नेमके बसत नाही. त्यातल्या त्यात ‘मुक्काम’ जवळचा.

अरबी ‘मुकाम’वरून आलेल्या या शब्दाने मराठीत दोन टोके सांभाळली आहेत. एस.टी.ची मुक्कामी गाडी एक रात्र थांबते आणि पहाटे निघते, पत्रावरील ‘मु. पो. सेलू’ मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे वास्तव्य दाखविते. ताडोबाच्या गाभ्यात ही दोन टोके समोरासमोर येतात. ‘ताडोबा’ हे नाव ज्या तारू या दैवतावरून आल्याचे मानतात, ते गोंडांचे. त्याचे स्थान तलावाच्या काठी आहे. वाघासाठी गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी आदी गावे पुनर्वसनाने बाहेर हलविण्यात आली. तेथील कुटुंबांच्या पत्त्यातील मुक्काम बदलला. ज्या गाभा क्षेत्रातून पुनर्वसन झाले तेथे पर्यटनाच्या सोयी उभारू नयेत, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. या तरतुदीमागील न्याय उघड आहे : पिढ्यांचा मुक्काम जेथून उठला, तेथे हौशी पाहुण्याचा पडू नये.

म्हणून सेलूहून निघणाऱ्या गटाने यादीच्या आरंभी तंबू न लिहिता तीन प्रश्न लिहावेत : जागा कायद्याच्या कोणत्या संज्ञेखाली येते, तेथे रात्री राहण्याची अनुज्ञा आहे काय, आणि पूर्वी तेथे कोण राहत होते. पहिल्या दोहोंची उत्तरे वनखात्याकडे मिळतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा वाटाड्याकडे असते. ते विचारण्यापुरता वेळ कार्यक्रमात राखून ठेवावा.